धावपट्टीच्या रेषेतला प्लॉट
वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या, किंवा तिथे जागा घेऊ पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आमच्याकडे साठली होती. त्यातली काही निवडून, आणि ग्वाल्हेरहून आलेलं एक जोडून, या अंकात उत्तरं देत आहोत. उत्तरं नगररचना आणि ध्वनिनियंत्रण या दोन क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका कॉलनीत १५०० चौरस फुटांचा प्लॉट पसंत केला आहे. कॉलोनायजर म्हणतो, टीएनसीपी झालंय, रेरा नंबर आहे, एअरपोर्टची एनओसीसुद्धा आहे, मग विमानांचा त्रास कसला? त्याच्यावर विसंबून बयाणा द्यावा का?
— एक वाचक, सुदामा नगर

बयाणा देण्याआधी थोडं थांबा. तिन्ही कागद खरे असतील, पण त्यातला एकही आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाही. टीएनसीपी म्हणजे नगर तथा ग्राम निवेश विभाग, त्याची मंजुरी ले-आउटची असते. रेराचा नंबर प्रकल्पाच्या नोंदणीचा. आणि विमानतळाची एनओसी असते ती फक्त उंचीची. केंद्र सरकारचे २०१५ चे उंची-निर्बंध नियम आहेत, २०२० मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किलोमीटरच्या आत इमारत किती उंच जाऊ शकते, एवढंच त्यांत ठरतं. विमानाच्या वाटेत काही येऊ नये हा त्या नियमांचा हेतू. घरात झोप लागेल का, हा त्यांचा विषयच नाही. त्यामुळे एनओसी दाखवून ‘त्रास नाही’ म्हणणं चूक आहे. उलट एनओसी लागते, याचाच अर्थ जागा विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात आहे.

एनओसी हातात आलीच आहे तर तिच्यातला आकडाही नीट वाचा. ती उंची जमिनीपासून मोजलेली नसते, समुद्रसपाटीपासून असते. समजा परवानगी ६१० मीटरची आहे आणि प्लॉटची जमीनच ५६० मीटरवर आहे, तर इमारतीला उरले ५० मीटर. त्यातच गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, वीजरोधक सळई, सगळं आलं. अर्जासोबत जागेच्या पातळीचं आणि अक्षांश-रेखांशांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते शेजारच्या प्लॉटचं जोडलेलं निघतं आणि मग नक्शा अडतो, असं पुष्कळदा होतं. आपल्या खसरा नंबराशी, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबराशी, ताडून बघा. विमानतळ प्राधिकरण रंगीत क्षेत्र-नकाशे काढतं, त्यांत लाल पट्ट्यात जागा पडली तर उंची कितीही कमी असो, प्राधिकरणाकडे जावंच लागतं. इतर रंगांत ठरलेल्या उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतः मंजुरी देऊ शकते.

आता आवाजाचं. त्याची पहिली तपासणी घरबसल्या होते. फोनवर उपग्रह नकाशा उघडा, धावपट्टीची दोन टोकं शोधा आणि ती रेषा दोन्हीकडे सात-आठ किलोमीटर वाढवा. आपल्या धावपट्टीचं नाव ०७/२५ आहे, म्हणजे तिची दिशा साधारण ७० आणि २५० अंश. एक टोक पूर्व-ईशान्येला, शहराच्या बाजूला, आणि दुसरं पश्चिम-नैऋत्येला. उतरणारं विमान सहसा ३ अंशांच्या उतारावर येतं आणि धावपट्टीच्या उंबरठ्यावर ते जमिनीपासून सुमारे १५ मीटरवर असतं. तिथून मागे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर मिळवत जा. २ किलोमीटरवर ते सुमारे १२० मीटर उंचीवर, ३ किलोमीटरवर १७० आणि ५ किलोमीटरवर २७५ मीटर. प्लॉट रेषेच्या खाली असेल तर डोक्यावरून किती उंचीवरून विमान जाणार, हा हिशेब दोन मिनिटांत होतो.

उतरण्याचा आवाज रेषेच्या खाली अरुंद पट्ट्यात राहतो. उड्डाणाचा जास्त मोठा असतो आणि रुंद पसरतो, शिवाय विमानं वळण घेतात तिकडेही जातो. आमचा सल्ला असा: वाढवलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ५०० मीटर आणि टोकापासून ४-५ किलोमीटरच्या आतला प्लॉट राहण्यासाठी घेऊच नये, भाव कितीही उतरवून दिला तरी.

रेषेपासून दूर असाल तरी प्रत्यक्ष जागेवर जा, आणि एकदाच जाऊन समाधान मानू नका. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि उडतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा विमानं शहराच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. वारा फिरला की सगळं उलटतं. हिवाळ्यातल्या दुपारी शांत वाटलेली जागा मे महिन्यात तशी राहत नाही. त्यात मे-जूनच्या उन्हात हवा विरळ होते, भरलेलं विमान सावकाश वर चढतं आणि तेच घर जास्त जवळून, जास्त वेळ ऐकतं. थंडीतल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो आणि धावपट्टीवरची इंजिनं दूरपर्यंत ऐकू येतात. म्हणून पहाटे, रात्री ११ नंतर आणि वारा दोन्ही दिशांचा असताना, अशा वेगवेगळ्या वेळी तिथे अर्धा-अर्धा तास तरी उभे राहा. विमानांचा माग दाखवणारं ॲप फोनवर उघडं ठेवा, म्हणजे डोक्यावरून गेलेलं विमान उतरणारं होतं की उडणारं, हेही कळेल.

आम्ही कलानी नगरात राहतो. वडील ७८ वर्षांचे आहेत, रात्री विमान गेलं की दचकून उठतात. गच्चीवर मोजणी करून घेतली. दिवसाची सरासरी ५८ आणि रात्रीची ५१ डेसिबल आली. मोजणारे म्हणाले, ‘मर्यादेत आहे.’ मग बाबांची झोप का मोडते?
— एक वाचिका, कलानी नगर

ताई, मोजणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारा: कुठल्या मर्यादेत? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवले आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. या मापाने तुमचे दोन्ही आकडे मर्यादेबाहेर आहेत. पण २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी, म्हणजे विमानांच्या आवाजासाठी भोवती आखलेल्या पट्ट्यासाठी, वेगळी मानकं काढली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-अवतरणं असलेल्या विमानतळाभोवती दिवसा ७० आणि रात्री ६५, बाकीच्या विमानतळांभोवती ६५ आणि ६०. पन्नास हजार म्हणजे रोजची सरासरी १३७. इंदूर अजून त्याच्या खाली आहे, म्हणून आपल्याला ६५ आणि ६० लागू. या मापाने तुमचे आकडे खरोखर मर्यादेत बसतात.

म्हणजे आकडा तोच, घर तेच, आणि निकाल ठरतो तो तुमची गल्ली ध्वनिक्षेत्राच्या रेषेच्या आत येते की बाहेर यावर. म्हणून ही रेषा कोणी, कुठे, कोणत्या नकाशावर आखली आहे हे लेखी विचारा. आपलं विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘आवाजाबद्दल माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ध्वनिक्षेत्राचा नकाशा, मोजणीच्या ठिकाणांची यादी, महिनावार दिवस-रात्रीचे आकडे आणि रात्री १० ते सकाळी ६ मधल्या उड्डाणांची संख्या, असे चार मुद्दे वेगवेगळे मागा.

आता झोपेकडे येऊ. तुमचे दोन्ही आकडे सरासरीचे आहेत आणि माणूस सरासरीने जागा होत नाही. एक विमान गेलं की त्याचा सगळा आवाज एकाच सेकंदात गोळा झाला असं धरून त्याची एकत्र मात्रा काढतात. ती ९० डेसिबल धरू. दिवसाच्या १६ तासांत म्हणजे ५७,६०० सेकंदांत अशी ४० विमानं गेली, तर सरासरी येते ५८. रात्रीच्या ८ तासांत फक्त ४ गेली तर येते ५१. तुमचे आकडे अगदी हेच आहेत! या चारांपैकी प्रत्येक विमान घरावरून जाताना क्षणभर ८० डेसिबलच्या आसपास पोचतं, पण मधल्या शांत तासांत त्याचं वजन विरघळून जातं. विमानांची संख्या दुप्पट झाली तरी सरासरी वाढते फक्त ३ डेसिबलने. कागदावर ही वाढ मामुली दिसते, वडिलांच्या झोपेच्या हिशेबात मात्र चाराच्या जागी आठ वेळा जाग येते.

म्हणूनच अमेरिकेत दिवस-रात्रीची मिळून जी सरासरी काढतात तिच्यात रात्रीच्या विमानाला १० डेसिबल जास्त धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांबरोबर. त्या हिशेबाने तुमच्याकडच्या ४ रात्रविमानांचा भार दिवसाच्या ४० विमानांइतकाच होतो. ऑस्ट्रेलियात लोकांना समजावं म्हणून ७० डेसिबल ओलांडणारी विमानं किती, हा साधा आकडाही देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीत एकेका आवाजाची उच्चतम पातळी ४५ च्या आत असावी असं म्हटलं, आणि २०१८ च्या युरोपसाठीच्या शिफारशीत विमानांचा रात्रीचा आवाज घराबाहेर ४० च्या खाली ठेवायला सांगितलं. पुढच्या मोजणीत सरासरीबरोबर दर विमानाची उच्चतम पातळी, वेळ आणि संख्या मागा.

मोजणीही तपासून घ्या. फोनवरच्या ॲपचे आकडे कोणी ग्राह्य धरणार नाही. आवाजाचा मीटर अचूकतेच्या निदान दुसऱ्या वर्गाचा हवा, मोजणीच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासलेला. माइकवर स्पंजची टोपी हवी आणि तो जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर, भिंतीपासून साडेतीन मीटर दूर हवा. जिन्याच्या खोलीच्या भिंतीजवळ ठेवला तर परावर्तनाने ३ डेसिबल जास्त दाखवतो, आणि तुमच्या तक्रारीतली तेवढीच फट समोरचा पकडतो. एका दिवसाची मोजणी पुरत नाही. वाऱ्याच्या दोन्ही दिशा सापडाव्यात म्हणून दोन आठवडे धरा.

बेडरूमच्या खिडकीला डबल काच बसवायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, ६-१२-६ ची टफन्ड काच लावा, पिन पडली तरी ऐकू येणार नाही. खर्च मोठा आहे. उपयोग होईल का?
— एक वाचक, एरोड्रम रोड

जशी सांगतो तशी लावली तर पैसे बरेचसे वाया जातील. टफन्ड काच मजबूत असते, फुटली तर कमी इजा करते, पण आवाज अडवण्यात साध्या काचेपेक्षा ती काडीचीही सरस नाही. आवाज अडतो वजनाने, फट बुजवल्याने आणि दोन काचांमधल्या अंतराने. यातली फट सगळ्यात आधी बघायची.

तुमची खिडकी ४ फूट बाय ५ फूट धरू, म्हणजे २८८० चौरस इंच. तिची परिमिती २१६ इंच. चौकटीभोवती फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फट राहिली तर ती झाली २७ चौरस इंच, खिडकीच्या जवळजवळ १ टक्का. आणि १ टक्का जागा उघडी असली की ती खिडकी २० डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही, काच कितीही महाग असो. आपल्याकडच्या दोन-ट्रॅकच्या ॲल्युमिनियम सरकत्या खिडकीत एवढी फट असतेच. दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे, खालच्या ट्रॅकमधून पाणी जायच्या भोकांत, आणि लोकरीची पट्टी झिजली की सगळीकडेच. रात्री खोलीतला दिवा मालवा, कोणाला तरी बाहेरून खिडकीच्या कडेकडेने टॉर्च फिरवायला सांगा. उजेड आत येईल तिथून आवाजही येतो.

दुसरी गोष्ट ६-१२-६ मधल्या १२ मिलिमीटरच्या पोकळीची. ६ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला १५ किलो. अशा दोन काचा १२ मिलिमीटरवर ठेवल्या की त्या आणि मधली हवा मिळून सुमारे २०० हर्ट्झला एकत्र थरथरतात, आणि विमानाच्या घरघरीचा मोठा भाग तिथेच असतो. म्हणून अशी काच ट्रॅफिकच्या हॉर्नला थोडी बरी, एअर कंडिशनरचं बिल वाचवायला चांगली, पण विमानासाठी दुबळी. तीच पोकळी १०० मिलिमीटर केली की थरथर ७० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि काच खरं काम करू लागते.

त्यामुळे जुनी खिडकी काढू नका. आपल्या बाहेरच्या भिंती ९ इंची असतात, आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवायला जागा मिळते. ती सरकती नको, दारासारखी उघडणारी हवी, चारही बाजूंना रबरी गॅस्केट आणि दोन-तीन ठिकाणी आवळणारं कुलूप असलेली. दोन्ही काचांमध्ये १०० मिलिमीटर अंतर ठेवा, जमलं तर १५०. आतली काच बाहेरच्या काचेहून वेगळ्या जाडीची घ्या: बाहेर ५ किंवा ६ असेल तर आत ८ ते १० ची लॅमिनेटेड. सारख्या जाडीच्या काचा एकाच स्वरावर कमजोर पडतात. दोन खिडक्यांमधल्या कोनाड्याच्या बाजूंना रॉकवुल भरून वर सच्छिद्र पत्रा लावा. चौकट आणि भिंत यांच्यात मिस्त्री सिमेंटचा लप्पा मारून मोकळा होतो. तो सुकला की तडकतो. तिथे आधी भरण करून वर सिलिकॉन हवं.

मग बाकीची भोकं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं छिद्र, दारावरचं रोशनदान, बाथरूमच्या काचपट्ट्यांची झडप, दाराखालची फट. बेडरूमला लागून बाथरूम असेल आणि त्याची झडप उघडी असेल, तर खिडकीवर केलेला सगळा खर्च त्या झडपेतून बाहेर जातो. बाथरूमचं दार घट्ट बसवा किंवा झडपेच्या जागी बंद काच आणि पंखा लावा.

भिंतीवर मात्र पैसे घालू नका. प्लास्टर केलेली ९ इंची विटेची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते, तिला काही करायची गरज नाही. फोम, थर्माकोल, अंड्यांचे ट्रे चिकटवणं निरुपयोगी आहे. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. वर पत्र्याचं छप्पर असेल तर गोष्ट वेगळी. मग खिडकीआधी छपराचं बघा, कारण विमान डोक्यावर असतं आणि पत्रा कसाबसा २०-२५ अडवतो. स्लॅबखालच्या खोलीत झोपायची सोय करणं हाच तिथे सगळ्यात स्वस्त उपाय.

उघड्या खिडकीतून बाहेरचा आवाज १०-१५ डेसिबलने कमी होऊन आत येतो, साध्या बंद खिडकीतून २०-२५ ने. नीट केलेल्या दुहेरी खिडकीने ३५ पर्यंत जाता येतं. बाहेर ८० असतील तर आत ४५. पण हे खिडकी बंद असतानाच. ताज्या हवेची सोय आधी करा, आत आवाजशोषक अस्तर असलेल्या वाकड्या नळीतून हवा ओढणारा छोटा पंखा पुरतो. नाहीतर घुसमट होते, दोन आठवड्यांत खिडकी पुन्हा उघडी राहते आणि खर्च पाण्यात. सगळ्या घराला करू नका. ज्या खोलीत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं झोपतात ती एकच खोली आधी नीट करा.

विमानतळाच्या भिंतीलगत दाट झाडं लावली तर आवाज कमी होईल का? आमची रहिवासी संघटना श्रमदानाला तयार आहे.
— रहिवासी संघटनेचे सचिव, एरोड्रम परिसर

डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला झाडांचा काहीच अडसर नाही. जमिनीवर फिरणाऱ्या विमानाचा आवाज अडवायचा तर ३० मीटर रुंद, खालपासून वरपर्यंत दाट पट्टा लागतो, तेव्हा कुठे ५ डेसिबल कमी होतात. उंच, सलग, बिनफटीची भिंत तेच काम कमी जागेत करते. आणि वड-पिंपळ-उंबर तर धावपट्टीजवळ लावूच नका, फळांवर पक्षी येतात. त्याच कारणाने विमान नियमांतल्या ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला मनाई आहे. श्रमदान करायचंच असेल तर कॉलनीतल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांपासून सुरुवात करा, त्याचा लगेच उपयोग आहे.

आमच्या संस्थेला विमानतळाजवळ स्वस्तात तीन एकर जागा मिळते आहे. तिथे मराठी मुलांसाठी शाळा आणि मागच्या बाजूला वृद्धाश्रम बांधायचा मानस आहे. शहराच्या विकास योजनेत जागेचा रंग ‘सार्वजनिक-अर्धसार्वजनिक’ दाखवला आहे, म्हणजे कायद्याची अडचण नाही. तुमचं मत कळवावं.
— एका संस्थेचे विश्वस्त

मत स्पष्ट आहे: तिथे या दोन्ही गोष्टी बांधू नका. स्वस्त जागेचं कारण डोक्यावरून जातं आहे.

वर्गात बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला रिकाम्या वर्गातला आवाज ३५ डेसिबलच्या आसपास हवा. पंखे चालू आणि खिडक्या उघड्या असलेल्या आपल्या शाळांत, बाहेर विमान ८० ने गेलं की आत ६५-७०. तेवढा वेळ शिकवणं थांबतं, आणि वाचायला नुकती शिकणारी मुलं वाक्याचा धागा हरवतात. एसी लावून वर्ग बंद केले तर बांधकामाचा आणि विजेचा खर्च असा वाढतो की जमिनीत वाचवलेले पैसे काही वर्षांत संपतात. वृद्धाश्रमाचं तर सांगायलाच नको, तिथे दुपारीही झोपलेली माणसं असतात.

योजनेतला रंग परवानगी देतो, हीच या रंगाची उणीव आहे. ‘सार्वजनिक-अर्धसार्वजनिक’ या एकाच रंगात शाळा, रुग्णालय, सरकारी कचेरी, सगळं येतं. गोदामवजा कचेरीला चालणारी जागा पाळणाघराला चालतेच असं नाही. विमानतळाजवळच्या पट्ट्यात हा रंग फोडून लिहायला हवा. संस्थेला जागा घ्यायचीच असेल तर तिथे पुस्तकांचं कोठार, मुद्रणालय, भाड्याने द्यायची गोदामं असं काही उभारा आणि त्या उत्पन्नातून शाळा शहराच्या दुसऱ्या बाजूला चालवा.

आम्ही महाराजपुऱ्याच्या हवाईतळाच्या बाजूला राहतो. इथे प्रवासी विमानं थोडी, पण लढाऊ विमानं उडतात तेव्हा काचा थरथरतात. याला काही मर्यादा नाही का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

प्रवासी विमानांना आंतरराष्ट्रीय ध्वनिप्रमाणपत्र लागतं, लढाऊ विमानांना ते लागू नाही. सरावाच्या वेळा जाहीर होत नाहीत, त्यामुळे सरासरीला तिथे अर्थ उरत नाही. काचा थरथरतात त्या खोल स्वरामुळे. खिळखिळ्या पट्ट्या काढून काच रबरात पक्की बसवा, निम्मा त्रास तिथे कमी होतो. परीक्षेचे दिवस आणि रुग्णालयं यांबाबत जिल्हाधिकाऱ्यांमार्फत हवाईदलाच्या तळाला लेखी विनंती करता येते, एकेकट्याने करण्यापेक्षा शाळांनी मिळून करावी. आणि तळाभोवती नवीन वसाहत होऊ देऊ नका.

गांधीनगरच्या पुढे आमची वडिलोपार्जित शेती आहे. शहराची नवी विकास योजना येणार म्हणतात. विमानतळामुळे आमच्या जमिनीवर घरं बांधायला बंदी येईल अशी भीती आहे. दुसरीकडे मुलगा म्हणतो, तिथे घरं होऊच नयेत. आक्षेप कोणी, कसा आणि कशावर घ्यायचा?
— एक शेतकरी वाचक

काका, तुमची भीती आणि मुलाचं म्हणणं, दोन्ही एकाच अर्जात मांडता येतात, आणि मांडायलाच हवीत.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००१ मध्ये विमानांच्या आवाजावर चार मार्ग ठरवले: विमानंच शांत करणं, जमिनीच्या वापराचं नियोजन, उड्डाणाच्या पद्धतीत बदल आणि शेवटी उड्डाणांवर निर्बंध. यातला जमिनीचा मार्ग तेवढा शहराच्या हातात आहे, आणि तोही जमीन मोकळी आहे तोवरच. एकदा रजिस्ट्र्या झाल्या, चार हजार घरं उभी राहिली, की मग कोणतीही रेषा आखून काही होत नाही. नवी विमानं जुन्यांपेक्षा खरंच शांत आहेत. पण त्यांची संख्या वाढतेच आहे, आणि मिळालेली शांतता त्या वाढीत खर्च होते.

मध्य प्रदेशात हे सगळं १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली चालतं. योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की धारा १८ खाली आक्षेप आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. हे ३० दिवस चुकवू नका. जाहिरात वर्तमानपत्रात आणि राजपत्रात येते, कॉलनीत कोणी सांगायला येत नाही. नकाशा जाऊन बघा, आपल्या खसरा नंबरावरचा रंग आणि रस्त्याची रुंदी टिपून घ्या.

अर्ज तुमच्या जमिनीपुरता ठेवू नका. त्यात पुढची मागणी घाला. ध्वनिक्षेत्राची रेषा योजनेच्या नकाशावरच छापावी आणि ती आजच्या वाहतुकीवर न आखता, धावपट्टी पूर्ण क्षमतेने चालेल त्या दिवसाच्या वाहतुकीवर आखावी. बहुतेक गावांत चूक होते ती इथेच: रेषा आजच्या विमानांवर आखतात, दहा वर्षांत ती अपुरी पडते, तोवर बाहेरच्या कडेला कॉलन्या वसलेल्या असतात. आतल्या पट्ट्यात नवीन घरं, शाळा, रुग्णालयं नकोत. बाहेरच्या पट्ट्यात घरं द्यायचीच तर खिडकी-छपराने किती डेसिबल अडवायचे याची अट नक्शा पास करतानाच घालावी. रेषेच्या आतल्या प्रत्येक रजिस्ट्रीत ‘ही जागा विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात आहे’ असं वाक्य यावं.

आणि त्याच अर्जात तुमचा हक्क मागा. घरं नाहीत याचा अर्थ जमीन पडीक ठेवा असा होत नाही. गोदामं, शीतगृह, मालवाहतुकीचे अड्डे, वाहनांचं पार्किंग, दुरुस्तीचे कारखाने, भाजीपाल्याची साठवण, शेतीमालाची प्रतवारी, या सगळ्यांना विमानाच्या आवाजाचा त्रास नसतो आणि विमानतळाजवळची जागा त्यांना हवीच असते. तुमच्या पट्ट्याला हे वापर नावानिशी मिळावेत, रस्ता ट्रक वळेल इतका रुंद मिळावा, आणि घरं न बांधल्याने जो विकासहक्क बुडतो तो टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणून दुसरीकडे वापरता किंवा विकता यावा, असं लिहा. हे न मागता नुसती बंदीला हरकत घेतली, तर एक तर ती फेटाळली जाईल, नाहीतर मान्य होऊन तुमच्याच शेजारी कॉलनी उभी राहील आणि मग त्या कॉलनीतली माणसं तुमच्या गोदामाच्या ट्रकांवर तक्रारी करतील.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. सोबत खसरा-बी१ ची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल, धावपट्टीची रेषा दाखवणारा नकाशा आणि प्रत्येक मुद्द्याला वेगळा क्रमांक. सुनावणीचं पत्र आलं की स्वतः जा, न गेल्यास मुद्दा न मांडल्यासारखाच धरला जातो. दोन मिनिटं मिळतात, तेव्हा सगळं वाचू नका, क्रमांक सांगून एकेक मागणी बोला.

योजना मंजूर झाल्यावरही डोळा ठेवा. धारा २३-क खाली शासन एखाद्या तुकड्याचा वापर मध्येच बदलू शकतं, आणि त्यावर आक्षेपाची मुदत फार थोडी असते. अशी सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. गावातल्या दोघा-तिघांनी आळीपाळीने रोज ते पान बघायचं ठरवा, आणि सूचनेतल्या खसरा नंबरांशी जुळवण्यासाठी ध्वनिक्षेत्रातल्या सगळ्या खसऱ्यांची यादी एका वहीत आधीच करून ठेवा.